बेटावरचा पक्षी आणि देवीचे रान

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, त्यांच्या लढाया, तह आणि सनदा उभ्या राहतात. भोर आणि वेल्हे या मुलुखाविषयी बोलावयाचे तर ही सवय अधिकच बळावते, आणि तसे होणे स्वाभाविकही आहे. ज्या तोरण्यापासून स्वराज्याच्या कथेस आरंभ होतो, ज्या राजगडावर शिवछत्रपतींनी सुमारे पाव शतक आपली राजधानी ठेवली, ज्या रायरेश्वराच्या नावाशी शपथेची आख्यायिका जोडलेली आहे, ती सर्व स्थळे याच डोंगराळ टापूत आहेत. कारीच्या जेध्यांची शकावली आणि त्यांचा करीना यांवाचून शिवकालाचा अभ्यास पुरा होत नाही. वतनांचे वाद, देशमुखांची हाडवैरे, निवाड्यांचे महजर यांचे कागद या मुलुखाने उदंड दिले. परंतु याच रानात माणसाच्याही आधीपासून जे जीव नांदत आले, त्यांचा करीना कोणी लिहिला नाही. कोणता पक्षी कोणत्या खोऱ्यातून केव्हा उठला आणि का उठला, याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडावयाची नाही.

अशा जिवांचा इतिहास लिहावा तरी कसा, असा प्रश्न कोणी केला तर तो रास्तच होय. त्याचे उत्तर देण्याकरिता आम्ही वाचकांस काही काळ फार दूर, पॅसिफिक महासागरातील एका लहानशा बेटावर नेणार आहोत. तेथे एका गाणाऱ्या पाखराचा इतिहास तारीखवार लिहिला गेलेला आहे, आणि त्याची अखेर झालेली असल्यामुळे तो पुरा झालेला आहे. तो वाचून झाल्यावर आपल्या सह्याद्रीकडे परत फिरू. म्हणजे जे कागदावर नाही ते रानात कसे वाचावे, हे अधिक स्पष्ट होईल.

हवाई द्वीपमालेतील होनोलुलू शहरापासून वायव्येस सुमारे दीड हजार किलोमीटरांवर लेसन नावाचे बेट आहे. बेट कसले, वाळूचा आणि पोवळ्याच्या खडकाचा एक ठिपकाच तो. त्याचे क्षेत्र अवघे चार चौरस किलोमीटर. राजगडाच्या पायथ्याशी दोन-तीन गावांच्या शिवेत मावेल एवढे. मध्यभागी खारट पाण्याचे तळे, भोवती गवताचे झुबके, खुरटी झुडपे, एका जातीचे चंदनही. आणि या सर्वांवर लक्षावधी समुद्रपक्ष्यांचा वास. जमिनीवरच राहणाऱ्या पक्ष्यांच्या मात्र पाचच जाती तेथे होत्या, आणि त्या पाचही अशा, की पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नव्हत्या. एक बदक, एक पंख असून उडता न येणारी पाणकोंबडी, एक जाड चोचीचा दाणेखाऊ पक्षी, एक करड्या रंगाचा किडे टिपणारा वटवट्या, आणि पाचवा हा आमच्या कथेचा नायक.

हवाईच्या मोठ्या बेटांवरील रानांत अपापाने नावाचा रक्तवर्णी, फुलांतील मध पिणारा पक्षी आजही आहे. लेसनवरील पाखरू त्याचेच भाऊबंद होते. आकाराने आपल्या चिमणीएवढे, अंगावर शेंदरी तांबडा रंग, चोच भाऊबंदांपेक्षा किंचित आखूड. फुलांतील मध हे त्याचे अन्न आणि त्याच्या जोडीस बारीक किडे. गवताच्या झुबक्यात किंवा झुडपात त्याचे घरटे. त्याचे गाणे हलक्या आवाजाचे आणि गोड होते, असे ऐकणाऱ्यांनी लिहून ठेवले आहे. इंग्लंडातील धनाढ्य पक्षिसंग्राहक वॉल्टर रॉथ्सचाइल्ड याने पाठविलेला हेन्री पामर हा संग्राहक १८९१ साली लेसनवर उतरला, त्याने नमुने गोळा केले, आणि पुढल्याच वर्षी रॉथ्सचाइल्डने त्या पाखरास शास्त्रीय नाव दिले. नाव कोणाचे? बेटावरील पक्ष्यांच्या विष्ठेचे खत खणून विकण्याचा जो उद्योग चालला होता, त्याचा व्यवस्थापक कॅप्टन फ्रीथ याचे. येथे त्या पक्ष्याच्या लिखित इतिहासास आरंभ झाला. तो इतिहास पुढे बत्तीस वर्षेच टिकावयाचा होता.

खताचा धंदा बसत चालला तेव्हा बेटाचा कारभारी मॅक्स श्लेमर याने निराळ्या उद्योगाचा विचार केला. सशांचे मांस डब्यांत भरून विकावे, या हेतूने १९०३ च्या सुमारास त्याने बेटावर ससे आणून सोडले. यात दुष्टावा मुळीच नव्हता. पोटापाण्याचा धंदा पाहणाऱ्या गृहस्थाच्या मनात जो सरळ हिशेब येतो तोच त्याने केला. त्या हिशेबात गवत फुकटचे होते, आणि गवतात घरटे बांधणाऱ्या पाखराची रक्कम कोणत्याच बाजूस मांडलेली नव्हती. बेटावर सशास खाणारा कोणी प्राणी नव्हता. मांस डब्यांत भरण्याचा उद्योगही भरभराटीस आला नाही. ससे मात्र आले.

याच सुमारास दुसरे एक संकट आले, आणि त्याची दखल जगाने ताबडतोब घेतली. युरोप-अमेरिकेतील स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे खोवण्याची त्या काळी मोठी हौस होती. त्या बाजारासाठी १९०९ साली जपानी टोळ्यांनी लेसनवर उतरून समुद्रपक्ष्यांची भयंकर कत्तल केली; मेलेल्या पक्ष्यांचा अंदाज तीन लाखांवर गेला. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच वर्षी ही सर्व बेटे पक्ष्यांसाठी राखीव म्हणून जाहीर केली होती. १९१० च्या जानेवारीत सरकारी गलबताने येऊन तेवीस पिसेचोरांस पकडून नेले. कायद्याने आपले काम केले, असेच कोणीही म्हणेल. बंदूक आणि सोटा घेऊन येणाऱ्या माणसापासून बेट राखले गेले. परंतु ससा राहिला तेथेच. त्याच्याविषयी जाहीरनाम्यात एक अक्षर नव्हते, आणि बेटावर बारमाही राहून काय घडते आहे ते पाहणारे कोणी नव्हते.

१९११ साली अभ्यासकांची एक तुकडी तेथे गेली तेव्हा या तांबड्या पाखरांची संख्या सुमारे तीनशे उरली होती. १९१२-१३ च्या हंगामात सशांचा निकाल लावण्यासाठी माणसे पाठविण्यात आली. त्यांनी पाच हजारांवर ससे मारले. तोच दारूगोळा संपला, आणि उरलेले ससे तसेच सोडून मंडळी परत फिरली. अपुरे काम न केल्यासारखेच असते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हास ठाऊक नाही. उरलेल्यांची पैदास पुन्हा वाढली. पुढील दहा वर्षे ते काम पुन्हा कोणी हाती घेतले नाही.

१९२३ च्या एप्रिलात अलेक्झांडर वेटमोर यांच्या नेतृत्वाखाली एक सुसज्ज शास्त्रीय मोहीम लेसनवर पोहोचली. तिला वाहून नेणाऱ्या आरमारी जहाजाचे नाव टॅनेजर. योगायोग असा, की हेही अमेरिकेतील एका गाणाऱ्या पक्ष्याचेच नाव आहे. मंडळींनी पाहिले तो बेटाचे वाळवंट झालेले. पूर्वी तेथे वनस्पतींच्या सव्वीस जाती नोंदलेल्या होत्या. त्यांपैकी चारच जिवंत होत्या. करडा वटवट्या तर केव्हाच नाहीसा झाला होता. पाणकोंबड्या दोन उरल्या होत्या. आणि तांबडी पाखरे उरली होती तीन.

मोहिमेत डोनाल्ड डिकी नावाचे एक छायाचित्रकार होते. त्यांनी त्या तिघांपैकी एका पाखराचे चलच्चित्र घेतले. खडकावर बसून ते चिमुकले पाखरू गात आहे, चोच उघडते आहे, मिटते आहे, असे त्यात दिसते. परंतु तो मूकपटांचा काळ. चित्र उतरले, स्वर उतरला नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत बेटावर तुफानी वारा सुटला. तीन दिवस वाळूचे लोट उसळत राहिले. वादळ शमल्यावर मंडळींनी शोध केला तेव्हा तीनही पाखरे नाहीशी झालेली होती. ती पुन्हा कोणास दिसली नाहीत. मोहिमेने या खेपेस मात्र शेवटचा ससादेखील शिल्लक ठेवला नाही. वनस्पतींनी हळूहळू पुन्हा मूळ धरले. पण ज्याच्यासाठी त्या फुलावयाच्या ते पाखरू निघून गेले होते.

या पाखरास कोणी मारले? वादळाने, असे म्हणणे म्हणजे पानिपतच्या एका दिवसास सर्व दोष देऊन त्यामागील कारभाराकडे डोळेझाक करण्यासारखे आहे. वादळे त्या बेटावर सहस्रावधी वर्षे येतच होती. गवताचे झुबके आणि झुडपांचा आडोसा होता, पाखरांची संख्या शेकड्यांनी होती, तोवर वादळ येई आणि जाई. आडोसा गेला, संख्या तिनावर आली, तेव्हा तेच वादळ अखेरचे ठरले. मग सशाने मारले म्हणावे? ससा बिचारा गवत खातो. ते खाण्यासाठीच त्याचा जन्म. मग श्लेमरने? त्याने तर पाखराकडे पाहिलेसुद्धा नसेल. अशा रीतीने अपराधी शोधीत गेले की हाती कोणीच लागत नाही. येथे द्वेषाने काही घडले नाही. जे घडले ते हिशेबात नसल्यामुळे आणि पाहण्यास कोणी नसल्यामुळे घडले. राखीव असल्याचा कायदा डोक्यावर असताना, त्या कायद्याच्या चौदाव्या वर्षी, राखीव बेटावरच ही जात संपली, ही गोष्ट वाचकांनी नीट ध्यानात ठेवावी.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पाचांपैकी दोन जाती वाचल्या. जाड चोचीचा दाणेखाऊ पक्षी वाचला. कारण तो बी खाई, किडे खाई, प्रसंगी समुद्रपक्ष्यांची अंडीही फोडून खाई. बदकांची संख्या एकदा बारा-पंधरांच्या आत आली होती, तरी ती कशीबशी तगली. पाणकोंबडीची जात लेसनवरून गेली. मिडवे बेटावर नेलेली तिची वसाहत महायुद्धाच्या धामधुमीत जहाजांतून आलेल्या उंदरांनी १९४४ पर्यंत संपविली. कोणत्याही स्थितीत निभावून नेणारे वाचतात. ज्याचे जिणे एका फुलाशी, एका झुडपाशी बांधलेले असते तो आधी जातो. इसवी सन १५०० पासून आजवर पक्ष्यांच्या ज्या जाती जगातून नाहीशा झाल्या, त्यांतील दहांपैकी सुमारे नऊ बेटांवरच्या होत्या. बेटावरून पळून जावयास जागा नसते, आणि बेटावर मदतीस येणारे शेजारी नसतात.

येथवर आल्यावर वाचक विचारतील की, या सर्वांचा भोर-वेल्ह्याशी संबंध काय? ते तर समुद्रसपाटीपासून उंच, चहूकडून जमिनीने वेढलेले. उत्तर आपल्या भाषेतच आहे. बेट हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. समुद्रातील द्वीप तेही बेट, आणि उघड्या माळावर कळकांचा एकत्र वाढलेला जो जथा असतो, तेही कळकाचे बेटच. भोवतालचे सारे निराळे आणि मध्ये एकवटून राहिलेली वस्ती, हा दोहोंतील समान भाव होय. पाणीच हवे असे नाही. १९६७ साली मॅकआर्थर आणि विल्सन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी बेटांवरील जीवसृष्टीचा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला. बेट जितके लहान तितक्या तेथील जाती थोड्या, आणि ते जितके एकाकी तितकी गेलेल्या जातीची जागा भरून निघणे कठीण, असे त्याचे सार सांगता येईल. उघड्या डोंगरांनी वेढलेल्या रानाच्या तुकड्यासही हा नियम लागू पडतो, असे पुढील अभ्यासकांनी मानले. दक्षिणेकडे निलगिरी आणि अन्नमलईच्या माथ्यांवरील शोला रानांत तर अशा आकाशबेटांवर निरनिराळ्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या स्वतंत्र जातीच घडलेल्या आहेत.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतील अशी बेटे म्हणजे देवराया. गावाच्या वरच्या अंगास, बहुधा ओढ्याच्या उगमापाशी, दाट झाडीचा एक तुकडा असतो. आत शेंदूर लावलेला तांदळा, नाहीतर कौलारू छपराखालची एखादी मूर्ती. देवता वाघजाई, शिरकाई, काळूबाई किंवा भैरव. अंजनी, जांभूळ, हिरडा यांचे जुने वृक्ष, त्यांवर चढलेल्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, खाली पाचोळ्याचा थर. नियम एकच: येथली काडीही बाहेर न्यावयाची नाही. काही ठिकाणी वाळलेले लाकूडसुद्धा जेथे पडले तेथेच कुजावयाचे. हा नियम कोणत्या राजाने घातला, कोणत्या साली घातला, हे कोणी सांगू शकत नाही. रयतेच्या आंब्या-फणसांस तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये, अशी ताकीद रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. ती राजाज्ञा होती. देवराईस तशी लेखी आज्ञा लागली नाही.

हा मुलूख पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता तेव्हा तालुक्यांस नावे होती ती गडांची: राजगड, प्रचंडगड, विचित्रगड, सुधागड. संस्थान १९४८ साली विलीन झाले. वेल्हे तालुक्यास पुन्हा राजगड हे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ साली केला, म्हणजे नावाचे एक चक्र पुरे झाले. रानाचे चक्र मात्र असे सहज फिरत नाही. वेळवंडी नदीवर भाटघर येथे इंग्रजी अमलात मोठे धरण झाले, आणि खोऱ्यातील सुपीक तळ पाण्याखाली गेला. कांबरेश्वराचे जुने देऊळ त्या जलाशयात बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की थोडे दिवस दर्शन देते. पुढे १९५७ पासून आंबी नदीवर पानशेतच्या धरणाचे काम सुरू झाले. १२ जुलै १९६१ रोजी ते फुटून पुण्याची जी दैना झाली ती सर्वांस ठाऊक आहे. जी गोष्ट तितकी ठाऊक नाही ती अशी की, धरणासाठी रस्ता झाला आणि रस्त्यामागून कोळशाचा व्यापारी आला. शेत पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्याने हाताशी उरलेली झाडे मिळेल त्या किमतीस विकली. भट्ट्या धुमसू लागल्या. डोंगरउतार उघडे पडले, आणि पूर्वी रानात रान म्हणून मिसळून गेलेल्या देवराया प्रथमच बेटांसारख्या उठून दिसू लागल्या.

डॉ. माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वर्तक हे १९७० नंतरच्या दशकात सह्याद्रीतील देवरायांची पाहणी करीत होते. खोऱ्याचे मूळचे रान कसे होते हे समजून घेण्यास अनेक ठिकाणी देवराई हाच काय तो पुरावा शिल्लक उरला आहे, असे त्यांच्या कामातून दिसून आले. ऐतिहासिक साधनांच्या परिभाषेत बोलावयाचे तर देवराई ही अस्सल प्रत होय. भोवतालचे कागद जळून गेले असता एका रुमालात सुरक्षित राहिलेली. पुढील संशोधकांनी यादी वाढवीत नेली आणि महाराष्ट्रातील देवरायांची गणती हजारांच्या घरात गेली.

या अस्सल प्रतीत आमचाही एक तांबडा पक्षी आहे. कर्नल विल्यम साइक्स हा मुंबई सरकारचा माहितीसंग्राहक अधिकारी म्हणून १८२४ पासून दख्खनेत हिंडत होता. पिके, लोकसंख्या, हवापाणी यांच्या आकड्यांबरोबर त्याने पक्ष्यांचीही नोंद केली, आणि १८३२ साली दख्खनेतील पक्ष्यांची आपली यादी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे मांडली. तीत त्याने एका शिंजिराचे प्रथम वर्णन केले आणि त्यास विगर्स या आयरिश प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले. नराचा गळा आणि छाती गडद तांबडी, देह चिमणीहूनही लहान, चोच बाकदार. पांगाऱ्याच्या, बांडगुळाच्या फुलांतील मध हे त्याचे अन्न. हा पक्षी सह्याद्रीच्या निलगिरीपासून उत्तरेकडील रांगांतच राहतो. जगात अन्यत्र नाही. लेसनच्या पाखराहून त्याचे कूळ सर्वस्वी निराळे, तरी रंग, आकार आणि मधाची आवड यांमुळे ही दोन पाखरे एकमेकांची प्रतिबिंबे वाटावीत. लेसनच्या पाखराचे नामकरण होण्याच्या साठ वर्षे आधी आमच्या शिंजिराचे झाले. त्याचा लिखित इतिहास दोनशे वर्षांच्या जवळ येऊन पोहोचला आणि तो अजून चालू आहे. आजमितीस त्याच्या जातीस नाशाचे भय नाही, हे समाधानाने सांगता येते.

परंतु असे का झाले, याचा विचार केला पाहिजे. आमचा शिंजीर एकाच बेटावर अडकलेला नाही. एका राईतून तो उठला तरी पलीकडच्या खिंडीतून दुसरा येऊ शकतो, कारण मध्ये कोठेतरी तिसरी राई आहे, ओढ्याकाठची झाडी आहे. पावसाळ्यात धबधब्यापाशी माणसासारखी शीळ घालणारा कस्तूर, पाचोळ्यात वावरणारी सातभाईंची भाऊबंद मंडळी, या सर्वांचे बिऱ्हाड अशा पायऱ्यांवर अवलंबून आहे. एकेक पायरी निखळत गेली तर वार्ता कोणास लागणार? गावात कावळा आहे, साळुंकी आहे, चिमणी आहे. सकाळचा किलबिलाट बंद पडत नाही. लेसनवरचा दाणेखाऊ पक्षीही तसाच ओरडत होता.

देवराईविषयी लिहिताना भाबडेपणा करू नये, असे आमचे मत आहे. आपल्या पूर्वजांनी पक्ष्यांच्या रक्षणासाठी देवराया राखल्या, हे म्हणणे आजचे विचार त्यांच्या तोंडी घालण्यासारखे होईल. त्यांना देवीच्या कोपाची भीती होती. ओढ्याचे पाणी टिकते हा अनुभवही होता. तेथे शिकार होत नसे असेही सरसकट म्हणता येत नाही. तरी परिणामाकडे पाहावे. लेसनवर लेखी कायदा होता आणि पाहणारा कोणी नव्हता. देवराईस लेखी कायदा नव्हता आणि पाहणारे सारे गाव होते. गुराखी पाहत होता, लाकूडफाट्यास जाणारी बाई पाहत होती, गुरव पाहत होता. काडी मोडली तर ती कोणी मोडली हे संध्याकाळपर्यंत चावडीवर कळत असे. नियमही इतका साधा, की पोरासही समजावा. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या जाहीरनाम्यास जे साधले नाही ते एका शेंदरी दगडाने साधले, याचे कारण त्या दगडात शोधण्यापेक्षा त्याच्या भोवतीच्या माणसांत शोधावे.

आणि येथेच आजची चिंता आहे. ती माणसे आता तेथे राहिली नाहीत. धरणांखाली गावे गेली तेव्हा लोकांनी आपले देव गाठोड्यात बांधून नव्या वसाहतींत नेले. पाठीमागे राई उरली, तिचा धनी उरला नाही. जी गावे राहिली त्यांतील तरुण पुण्यामुंबईस चाकरीला आहेत. ते वर्षातून एकदा जत्रेस येतात, आणि श्रद्धा कमी झालेली नाही हे दाखविण्यासाठी वर्गणी काढून देवीचा जीर्णोद्धार करतात. कौलांच्या जागी सिमेंटचे शिखर येते, गाडी थेट दारापर्यंत जावी म्हणून रस्ता येतो, मंडपासाठी जागा मोकळी होते, आणि कधी कधी या सर्वांचा खर्च राईतील झाडे विकूनच भागविला जातो. देवीचे देऊळ मोठे होते आणि देवीचे रान लहान होते. यातही द्वेष कोणाचाच नाही. श्लेमरच्या हिशेबात जशी पाखराची रक्कम नव्हती तशी या वर्गणीच्या वहीतही ती नसते, एवढेच. शहरातील धनिकांनी डोंगरउतारावर विकत घेतलेल्या जमिनी, त्यांवरील कुंपणे आणि बंगले यांविषयीही हेच म्हणता येईल.

मग करावे काय? देवीच्या कोपाची भीती पुन्हा लोकांच्या मनात भरावी, असे कोणी सुचविल्यास आम्ही त्यास संमती देणार नाही. गेलेली भीती हुकमाने परत येत नाही, आणि येऊही नये. नुसता कायदा करून भागेल असे म्हणणाऱ्यास लेसनचा इतिहास वाचावयास द्यावा. आमच्या मते देवराईपासून शिकण्याजोग्या गोष्टी दोनच आहेत: नियम साधा असावा आणि पाहणारा जवळचा असावा. शाळेतील मुलांनी आपल्या गावच्या राईतील झाडांची आणि पाखरांची नावे आजीआजोबांस विचारून वहीत उतरविली, दरवर्षी ती यादी पुन्हा तपासली, आणि जत्रेच्या दिवशी ग्रामसभेपुढे वाचून दाखविली, तर त्यास खर्च काही नाही. परंतु ज्याचे नाव यादीत आहे ते नाहीसे झाले तर कोणीतरी विचारील की, ते गेले कोठे? लेसनवर हा प्रश्न विचारणारा दहा वर्षे कोणी नव्हता. तेथील पाखरांचे सारे नशीब त्या दहा वर्षांत ठरले.

लेसनच्या कथेस एक उत्तरार्ध आहे, तोही सांगणे न्यायाचे होईल. सव्वीसांतील चार वनस्पती उरलेले ते बेट आता पुन्हा हिरवे झाले आहे. तेथून गेलेल्या करड्या वटवट्याचा एक जवळचा भाऊबंद निहोआ नावाच्या दुसऱ्या बेटावर जिवंत होता. आपल्याकडे हिवाळ्यात येणाऱ्या बोरू-वटवट्याच्याच कुळातला तो. २०११ आणि २०१२ साली त्यांतील पन्नास पाखरे बोटीने लेसनवर नेऊन सोडण्यात आली, आणि ती तेथे रुजली. जवळजवळ शंभर वर्षांनी त्या बेटावर वटवट्याचा आवाज पुन्हा ऐकू आला. माणसाने मनावर घेतले तर त्यास काय करता येते याची ही साक्ष आहे, आणि कोठे त्याचा इलाज चालत नाही याचीही. तांबड्या पाखराच्या जागी आणण्यासारखे कोणी मिळाले नाही. त्याचे गाणे कसे होते हे सांगणारी माणसेही आता हयात नाहीत. उरली आहे ती मुक्या चित्रात उघडणारी आणि मिटणारी एक चोच.

वेल्ह्याच्या राईतील शिंजिराची गोष्ट अजून त्या थरास गेलेली नाही. त्याचा स्वर ऐकावयाचा तर यंत्र नको, पुराभिलेख नको. फाल्गुनात पांगारा फुलला असता सकाळी राईच्या कडेस जाऊन उभे राहिले म्हणजे पुरे. तेवढी सोय पुढील पिढीसही राहावी, एवढ्याचसाठी हा करीना आम्ही येथे मांडला आहे.